पावसाळ्यात चार जंगलजेट्ट्या आणि भाड्याची गाडी: आगरदांडा ते जयगड

सेल्फ-ड्राइव्हची गाडी घेऊन जून ते सप्टेंबरात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने खाली उतरायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भर पावसात फेरीबोट चालते का, आणि तीत गाडी घालावी का? चालते, आणि बिनधास्त घालावी. या सबंध प्रवासात भरवशाची गोष्ट कुठली असेल, तर ती बोटच. गाडी अडते ती बोटीच्या अलीकडच्या उतारावर, दोन जेट्ट्यांमधल्या रस्त्यावर आणि भाड्याच्या करारातल्या बारीक अक्षरांत.

किनाऱ्याने मुरूडहून रत्नागिरीकडे निघालात की चार मोठ्या खाड्या आडव्या येतात. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी, बाणकोट खाडीवर बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या जयगड खाडीवर तवसाळ ते जयगड. दाभोळची सेवा सगळ्यांत जुनी, २००३ सालची, सुवर्णदुर्ग शिपिंगने सुरू केलेली. गाड्या नेणाऱ्या या फेरीबोटीला गावातली माणसं जंगलजेट्टीच म्हणतात, तुम्हीही रस्ता विचारताना तेच म्हणा, लगेच समजतं. आगरदांड्याचा पल्ला सर्वांत लांब, बाकीच्या तिन्ही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. तिकीट गाडीच्या आकाराप्रमाणे, खिडकीवरच काढायचं. रोख पैसे जवळ असू द्या. पावसात रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि मागची रांग खोळंबते.

आता उताराचं. जेट्टी म्हणजे खाडीत शिरणारा काँक्रीटचा उतार. भरतीला बोट वर, कोरड्या आणि खडबडीत भागाशी टेकते. ओहोटीला ती खाली जाते आणि उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं, वर चिखलाचा पातळ थर. शिवाय बोटीची लोखंडी फळी आणि उतार यांच्यातला कोन तीव्र होतो. बुटक्या सेडान गाड्यांचा पुढचा बंपर इथेच घासतो, आणि भाड्याच्या गाडीला पडलेला तो ओरखडा पुढे डिपॉझिटमधून वळता होतो. म्हणून जेट्टीचं वेळापत्रक पाहण्याआधी भरती-ओहोटी पाहा.

मोबाइल बंद असेल तर किनाऱ्यावरचं जुनं गणित चालतं. पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, आलेल्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला ओहोटी. मुंबई-रायगडला हे जवळपास बरोबर बसतं, रत्नागिरीकडे भरती थोडी आधी होते. याच गणिताने पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. ते उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही खोल असते. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला, अंधारून आलेलं असताना आणि गाडीत पाच माणसं भरलेली असताना आगरदांड्याला पोहोचणं ही सर्वांत वाईट वेळ. त्याच दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान हाच उतार अगदी सोपा असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी, तेव्हा वेळेची एवढी काळजी नको.

चढवताना घाई नको. रांगेत असताना गाडी वरच्या सपाटीवरच उभी करा, उतारावर नको. माणसं आधीच उतरवून चालत पाठवा. वजन कमी झालं की गाडीचं पोट दोन बोटं वर येतं आणि फळीवर घासत नाही. पहिला गिअर, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर, आणि डोळे बोटीवरच्या माणसाच्या हातावर. तो सांगेल तेवढंच वळवा. कधी गाडी मागे घेत चढवावी लागते. तेव्हा मागच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, काचेवर एक थेंब बसला की पडद्यावर सगळं पुसट दिसतं. काच खाली करून आरशात बघा आणि आवाज ऐका. बोटीवर इंजिन बंद, गिअर पहिला, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये टाकूनही हँडब्रेक लावायचाच, खाडीच्या तोंडाशी पावसाळी लाटा बोटीला चांगल्या हलवतात. माणसांनी गाडीत काचा लावून बसू नये.

उतरताना अडचण येते ती पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांची, म्हणजे भाड्याला मिळणाऱ्या जवळपास सगळ्या लहान गाड्यांची. चढणीला गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळावर जागच्या जागी फिरतात. डिकीत जड बॅगा असतील तर जास्तच. ओहोटी असेल तर बोटीत बसल्या बसल्या सामान पुढे, सीटच्या पायाशी आणून ठेवा. चाक फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, त्याने शेवाळ अजून गुळगुळीत होतं. ब्रेकवर हळू मागे या आणि ट्रकच्या चाकांनी घासून खरखरीत झालेला पट्टा धरून पुन्हा चढा. जेट्टीवरची माणसं दगड, गोणपाट घेऊन तयार असतात. त्यांचं ऐका, रोज असंख्य गाड्या तेच चढवतात.

बोट बंद राहते ती वादळी वाऱ्यात किंवा खाडीला जोराचं पाणी आलेलं असताना. अशा वेळी नकाशा वळसा दाखवतो आणि बहुतेक जण तिकडे गाडी वळवतात. इथे थांबून विचार करावा. दाभोळ बंद असेल तर धोपाव्याला जायचा रस्ता दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा, शंभर किलोमीटरच्या वर. दाभोळला बोट थांबवणारा पाऊस वरच्या अंगाला वाशिष्ठीतही पडत असतो आणि त्यात भरती असली की चिपळूणचं पाणी उतरायला जागा राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते असंच, धो धो पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर. म्हणजे बोट बंद असते त्याच दिवशी वळसाही धोक्याचा असतो. आमचं स्पष्ट मत: अशा दिवशी दापोलीत मुक्काम वाढवा. बाणकोट खाडीचा वळसा आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून जातो. तो जुना आहे, दुरुस्तीसाठी त्यावरची वाहतूक याआधी बंद ठेवावी लागली आहे, म्हणून निघण्यापूर्वी श्रीवर्धनला विचारून घ्या. दिघीला बोट नसेल तर म्हसळ्यावरून फिरून यावं लागतं. शेवटच्या बोटीवर बेत कधीच बांधू नका, शेवटून दुसरी धरा.

रस्त्यांमध्ये डावं-उजवं पुष्कळ आहे. दिवेआगरहून आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. देखणा आहे, पण उधाणाच्या भरतीला लाटांबरोबर दगडगोटे वर येतात, वरून डोंगराची माती सुटते. ओहोटीला आणि दिवसाउजेडी जा. वेशवीला उतरल्यावर वेळास-केळशी-आंजर्ले असा किनाऱ्याचा रस्ता मोहात पाडतो. तो अरुंद, वळणावळणाचा आणि गावातून घरांच्या गडग्यांमधून जाणारा आहे. संततधार असेल तर सरळ मंडणगडवरून दापोली गाठा, वेळ आणि टायर दोन्ही वाचतात. दाभोळच्या बाजारातली गल्ली एका गाडीपुरती आहे, समोर एसटी दिसली की आधीच थांबा. तवसाळच्या बाजूला वर्दळ कमी. जयगडला उतरल्यावर मात्र बंदराचे अवजड ट्रक लागतात, निवळीच्या दिशेने जाणार असाल तर त्यांच्या मागे अंतर ठेवून चाला. मालगुंड-गणपतीपुळ्याकडे वळलात की त्रास संपतो.

या साऱ्या रस्त्यांवर एक धोका समान: साइडपट्टी. जांभ्याची लाल माती पावसात लोण्यासारखी होते आणि पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर वरून सपाट दिसतो. समोरच्या गाडीला जागा द्यायला डावी चाकं खाली घातली की गाडी पोटावर बसते. जागा द्यायची तर डांबरावर राहून, रुंद जागी मागे येऊन द्या. घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क आधी, उतरणाऱ्याने थांबायचं. रात्री गाडी चालवू नका. कोरडी जागा म्हणून गुरं डांबरावर बसलेली असतात, आणि काळी म्हैस ओल्या काळ्या रस्त्यावर दिव्यात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गाडी निवडताना नंबर प्लेट पाहा. सेल्फ-ड्राइव्हच्या परवान्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो. जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटरच्या वर हवी. टायरच्या नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात ती पुरत नाही. पाणी बाहेर फेकायला निदान तीन मिलिमीटर खोली लागते, नाहीतर चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागत नाही. एवढी नक्षी नसेल तर गाडी बदलून मागा. वायपरची रबरं, स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना तिथेच, ताब्यात घेताना पाहा. खालच्या बाजूचा आणि दोन्ही बंपरच्या खालच्या कडांचा व्हिडिओ काढा, जेट्टीवर लागायची शक्यता तिथेच.

करारात तीन ओळी शोधून वाचा. पहिली, इंजिनात पाणी गेल्यास खर्च कोणाचा. नेहमीच्या विम्यात हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच लागतं. दुसरी, वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गाडी नेण्याबद्दल. पुळणीवर गाडी घालणं भरल्या पाण्यात चाक रुतवण्यासारखंच आहे: वरून घट्ट दिसणारी वाळू भरती चढायला लागली की खालून ढिली होते, आणि तासाभरात पाणी दारापर्यंत येतं. तिसरी, किलोमीटरची मर्यादा आणि उशिराचा दंड. एक जेट्टी बंद पडली की शंभर किलोमीटर आणि एक मुक्काम वाढू शकतो. तेवढी मोकळीक धरूनच पॅकेज घ्या, थोडं महाग पडलं तरी.

मोरीवरून पाणी वाहत असेल तर आत घालू नका, मग ते घोट्याएवढं का असेना. साचलेलं पाणी अर्ध्या चाकाच्या खाली असेल तरच पहिल्या गिअरमध्ये, न थांबता पार करा. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आत कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत निघालं असतं ते काम लाखावर जातं. ढकलत बाहेर काढा आणि टो करा. काचेवर वाफ धरली तर आधी बोट लावून पाहा. आतून असेल तर एसी काचेकडे सोडा. बाहेरून असेल तर काच फार गार झालेली आहे, एसीचं तापमान वाढवा आणि वायपर फिरवा. कोकणातल्या दमट हवेत हे दुसरंच जास्त होतं आणि लोक एसी आणखी गार करत बसतात.

राहण्याची सोय सुटीचे दिवस सोडले तर सहज होते, भावही उतरलेले असतात. वीज जाते, तेव्हा बॅटरी आहे का एवढं विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताज्या समुद्राच्या मासळीचा आग्रह धरू नका. खाडीचं मिळालं तर खा, नाहीतर सुकट, टाकळा, फोडशी आणि गरम भाकरी मागा. जंजिऱ्याच्या होड्याही या दिवसांत बंद.

पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरत चला. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पुढच्या गावात मिळेल म्हणून थांबायचं नाही. परत देण्याआधी कुठल्याही वॉशिंग सेंटरवर गाडी वर उचलून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि पावती ठेवा. बोटीवर उडालेलं खारं पाणी ब्रेकच्या डिस्कवर आणि सायलेन्सरवर रात्रीत गंज धरतं, आणि गाडी परत घेणारा माणूस सर्वांत आधी खाली वाकून तेच बघतो.