कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: बीएस्सी फिजिक्सच्या पेपरला कितपत कामाचा?

शिवाजी विद्यापीठाच्या बीएस्सीसाठी कॅल्क्युलेटर मागितला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतला दुकानदार कॅसिओची दोन मॉडेलं पुढे करतो, एफएक्स-८२ आणि एफएक्स-९९१. फिजिक्स पहिल्या वर्षापुरतंच असेल तर ८२वर भागतं. फिजिक्स घेऊनच डिग्री करायची असेल तर ९९१ घ्या. त्यात ४० स्थिरांक आहेत. शिफ्ट, ७ दाबून ०६ टाकलं की प्लँकचा, २३ला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, २८ला प्रकाशाचा वेग. मात्र पेपरात किमती दिल्या असतील तर त्याच वापरा, नाहीतर तिसऱ्या आकड्यात फरक पडतो.

मार्क जातात ते घातांकात. सोडियमच्या ५८९३ अँगस्ट्रॉमच्या फोटॉनची ऊर्जा काढताना छेदातली तरंगलांबी ५.८९३, गुणिले, १०, मग घात उणे ७ अशी टाकली, तर मशीन फक्त ५.८९३ने भागतं आणि पुढे १०च्या घाताने गुणतं. उत्तर १०च्या १४व्या घाताने चुकतं! खालच्या ओळीतलं घातांकाचं स्वतंत्र बटण वापरलं की तो सगळा मिळून एकच आकडा धरला जातो. मग इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने भागा, २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट यायलाच हवेत.

दुसरं दुखणं डिग्री-रेडियनचं. प्रिझमचा कोन ६०°, किमान विचलन ३८°३०′, म्हणजे अपवर्तनांक १.५१५. मशीन रेडियनवर राहिलं असेल तर ०.८६ येतो. काचेचा अपवर्तनांक एकपेक्षा कमी दिसला की सूत्र तपासत बसू नका, स्क्रीनच्या वरच्या कडेला 'डी' आहे का ते बघा. नसेल तर शिफ्ट, मोड, ३.

प्रॅक्टिकलला खरी मजा स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्राच्या मोडची. लंबकासाठी मोड ३, मग २. एका रकान्यात लांबी मीटरमध्ये, दुसऱ्यात आवर्तनकाळाचा वर्ग. वर्ग वेगळा काढायचीही गरज नाही, तक्त्याच्या चौकटीतच १.४२ टाकून वर्गाचं बटण दाबा. एसी दाबून शिफ्ट, १, ५, २ केलं की उतार मिळतो, साधारण ४.०३. ४ पाय वर्गाला त्याने भागलं की जी, म्हणजे गुरुत्वत्वरण. उतार ०.०४ आला तर लांबी सेंटिमीटरमध्ये गेली आहे. हे सगळं त्याच मोडमध्ये उरका, मोड बदलला की रीडिंगं पुसली जातात. आलेख कागदावर काढावाच लागतो, पण काढलेला उतार बरोबर आहे का ते इथे कळतं.

बटणं बारीक आहेत, घाईत शिफ्ट नीट दाबलं जात नाही. सोलर पट्टीसोबत एलआर४४चा सेल असल्याने अंधाऱ्या वर्गातही अडत नाही. परीक्षेला कोणतं मॉडेल चालतं ते मात्र कॉलेजात आधी विचारून घ्या. आणि मित्राचं मशीन घेऊन बसणार असाल तर पेपर हातात पडायच्या आत शिफ्ट, ९, ३, = आणि एसी दाबून सगळं रीसेट करा. मागच्याने काय सेटिंग ठेवलंय याचा भरवसा नसतो.