स्लिप डिस्क, मसल रिलॅक्संट आणि फिजिओ: सात महिन्यांनंतरचा अनुभव

सात महिने थांबून लिहितोय, कारण पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर गोळीला पाचपैकी पाच दिले असते आणि महिन्याभराने लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

झालं काय, पाण्याचा २० लिटरचा जार उचलून डिस्पेन्सरवर पालथा करताना कंबरेत चमक निघाली. उसण भरली असेल म्हणून दोन दिवस शेक, बाम, आणि आईच्या आग्रहाखातर खालच्या मजल्यावरच्या पायाळू पोराकडून कंबरेला पाय लावून घेणं, सगळं झालं (त्याला दहा रुपयांचं चॉकलेट, अख्ख्या उपचारातला सगळ्यात स्वस्त भाग). तिसऱ्या दिवशी कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरली, अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या, मग गेलो ऑर्थोकडे. त्यांनी आडवं झोपवून पाय सरळ वर उचलला, अर्ध्यावर जायच्या आतच मी ओरडलो. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी (डिस्क) नस दाबतेय असं निघालं. गादी सरकली म्हणतात पण सरकत बिरकत काही नाही, तिचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो, आणि बऱ्याच जणांत तो गर शरीर आपणच हळूहळू शोषून घेतं, म्हणून ऑपरेशनचं आत्ता नाव नको म्हणाले. फक्त पाऊल वर उचलता येईनासं झालं, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

गोळ्या अशा होत्या: पहिले ५ दिवस एसिक्लोफेनॅक (दुखणं कमी करणारी) अधिक थायोकोल्चिकोसाइड (स्नायू सैल करणारी, म्हणजे मसल रिलॅक्संट), दोन्ही जेवणांनंतर, सोबत पित्ताची. नंतर १० दिवस फक्त रात्री टिझानिडीन २ मिलिग्रॅम, हीसुद्धा मसल रिलॅक्संटच. थायोकोल्चिकोसाइड लांबवत न्यायची गोळीच नाही, युरोपात २०१३ मध्ये ती तोंडाने सलग ७ दिवसांच्या वर द्यायची नाही असं ठरलं. आपल्याकडे लोक कंबर धरली की ओळखीच्याची पट्टी मागून खातात.

टिझानिडीनबद्दल खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी साडेसहा तास सलग झोपलो. त्याआधी कूस बदलायची म्हणजे पलंगाची कड धरून, दात आवळून, तीन हप्त्यांत. तोंडाला मात्र असली कोरड की जीभ टाळूला चिकटायची, आणि सकाळी दहापर्यंत डोक्यात कापूस. अकाउंट्सचं काम आहे माझं, त्या आठवड्यात एकाच पार्टीची बिलं दोनदा चढवली.

फिजिओ चौथ्या दिवसापासून. आधी आयएफटी, म्हणजे कंबरेवर चार पॅड लावून झिणझिण्या, बरं वाटतं पण तेवढंच. खरं काम पालथं झोपून कोपरांवर आणि पुढे हातांवर उठायचं, दिसायला भुजंगासन, मॅडम म्हणाल्या ही न्यूझीलंडच्या मॅकेन्झींची पद्धत. आठवड्याभराने पोटरीतली कळ कमी पण कंबर जास्त दुखायला लागली, मी घाबरून गेलो तर त्या खूश! म्हणाल्या, काका, दुखणं पायातून वर कंबरेकडे गोळा होतंय, म्हणजे गाडी बरोबर चाललीय. (वय ४३, काका.)

आता माझा शहाणपणा ऐका. तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळपास गेलं, एका सिटिंगचे ४०० वाचतील म्हणून फिजिओ बंद केलं, लग्नाला पाच तास गाडी चालवत गेलो आणि येताना पाय परत पेटला. मेडिकलवाल्याला टिझानिडीनची जुनी रिकामी पट्टी दाखवली, त्याने काही न विचारता नवी दिली आणि मी रात्री एकदम दोन घेतल्या. बीपीची गोळी मला आधीपासून आहे. पहाटे चारला बाथरूमला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी, बेसिन हाताला लागलं म्हणून वाचलो. डॉक्टरांनी सकाळी झाप झाप झापलं, ही गोळी बीपी पाडते, आणि बीपीच्या गोळीबरोबर जास्तच, शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसोबत तर अजिबात चालत नाही, पोट बिघडलं म्हणून परस्पर ती घेऊ नकोस असंही.

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की गोळी आखडलेल्या स्नायूची पकड सोडवते, गादीला हातही लावत नाही. तिच्यामुळे मला झोप लागली आणि फिजिओच्या टेबलावर पालथं होता आलं, त्या पंधरा दिवसांसाठी तिला पूर्ण मार्क. दुसऱ्या वेळची पट्टी म्हणजे पैसे देऊन चक्कर विकत घेतली.

परत फिजिओ धरलं, दहा आठवडे. पुढे ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलणं), हातगुडघ्यांवर राहून उलटसुलट हातपाय ताणणं, आणि दर चाळीस मिनिटांनी खुर्चीतून उठणं, मोबाइलला अलार्म. शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी. आज वीस मिनिटं घरी करतो, आठवड्यातून दोनदा बुडतं. चालणं, स्कूटर ठीक, अंगठ्याचा कडेचा भाग अजून थोडा बधिर आहे, चपलेत कळत नाही, गार फरशीवर कळतो.

जार आता जमिनीवरच असतो, त्याला वरून बटणाचा पंप लावलाय. डिस्पेन्सर विकायचाय, कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त उचलायला दोघं या.