एक्सेलमधून अ‍ॅक्सेसमध्ये: थेट जावं की सीएसव्हीचा वळसा घ्यावा?

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर आधी एक्सेलमध्ये भरलं गेलं, मग ते अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, न्यायचं माझ्याकडे आलं. वाटा दोन. एक्सेलची फाइल विझार्डला (फाइल आत घेताना पायरीपायरीने विचारत जाणाऱ्या खिडकीला) थेट द्यायची, किंवा तिची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून टेक्स्ट फाइल म्हणून घ्यायची. दोन्ही वाटांनी मी गेलोय. 'एक्स्टर्नल डेटा' टॅबपाशी तुम्ही पोचला आहात असं धरून पुढचं लिहितोय.

थेट वाट सोपी, यात वाद नाही. हवी ती शीट किंवा नाव दिलेली रेंज उचला, पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत अशी खूण करा, झालं. देवनागरी जशीच्या तशी येते. एकदाच करायचं काम असेल आणि रकाने स्वच्छ असतील, तर मी अजूनही हेच करतो.

माझं बिनसलं ते किमतीच्या रकान्यावरून. विकत घेतलेल्या पुस्तकापुढे आम्ही रुपये लिहितो, भेट आलेल्यापुढे 'सप्रेम भेट'. रजिस्टरची सुरुवातीची पानं सगळी खरेदीची. रकान्याचा प्रकार ठरवताना अ‍ॅक्सेस पहिल्या ८ ओळी बघतं. आठही ओळींत आकडे दिसले, रकाना आकड्यांचा ठरला, आणि पुढच्या प्रत्येक 'सप्रेम भेट'च्या जागी कोरा चौकोन. तसं ते सांगतंही. नावाच्या शेवटी 'इम्पोर्टएरर्स' असलेलं एक टेबल तयार होतं आणि त्यात 'टाइप कन्व्हर्जन फेल्युअर', रकाना, ओळ असं सगळं लिहिलेलं असतं. मी ते उघडलंच नाही. पुस्तकांची संख्या जुळली, म्हणून चहाला गेलो. भेट आलेल्या पुस्तकांची यादी काढायला बसलो, तेव्हा यादीत एकही पुस्तक नाही!

उपाय आहेत, नाहीत असं नाही. एक्सेलमध्ये रकाना 'टेक्स्ट' करून बघितला. आधी भरलेले आकडे आकडेच राहिले, ते 'टेक्स्ट टू कॉलम्स'मधून पुन्हा काढावे लागले. सगळ्यांत वर मुद्दाम अक्षरांची एक खोटी ओळ घालून ती नंतर पुसता येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत (संगणकाच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) किती ओळी बघायच्या ते ठरवणारा 'टाइपगेसरोज'चा ८ बदलताही येतो, पण संस्थेच्या संगणकात तिथे हात घालायची माझी छाती नाही.

सीएसव्हीच्या वाटेवर 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावाचं बटण आहे. माझ्या मते सगळी गंमत तिथेच. कुठला रकाना अक्षरांचा, कुठला आकड्यांचा, कुठला वगळायचा, तारखेत दिवस आधी की महिना, हे तुम्ही सांगता. अंदाज बांधायला जागाच उरत नाही. हे सगळं स्पेसिफिकेशन म्हणून नाव देऊन साठवता येतं आणि पुढच्या वर्षीच्या फाइलला तेच लावता येतं. व्हीबीए, म्हणजे ऑफिसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा, लिहिणाऱ्यांसाठी: 'ट्रान्स्फरटेक्स्ट'मध्ये त्या स्पेसिफिकेशनचं नाव द्यायची सोय आहे, 'ट्रान्स्फरस्प्रेडशीट'मध्ये नाही.

या वाटेवरही खड्डे आहेत. साधी सीएसव्ही केलीत तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं आणि अ‍ॅक्सेसमध्ये कोड पेजही (अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ती निवड) यूटीएफ-८ ठेवायचं. एक विसरलं तरी पंचाईत. दुसरा खड्डा मोठा. सीएसव्हीत जातं ते पेशीत दिसणारं रूप. पुस्तकाचा १३ अंकी ओळख क्रमांक, आयएसबीएन, जनरल फॉरमॅटमध्ये ९.७८८१७ई+१२ असा दिसतो आणि तसाच फाइलमध्ये उतरतो, मागचे अंक गेले ते गेलेच. म्हणून साठवण्याआधी त्या रकान्याला शून्य दशांशाचं नंबर फॉरमॅट द्यायचं. आणि तयार सीएसव्ही 'जरा बघू' म्हणून डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची नाही. बघायचीच तर नोटपॅडमध्ये.

एवढं सांभाळावं लागतं हे खरं, पण हे सगळे घोटाळे आयातीआधी नोटपॅडमध्ये डोळ्यांना दिसतात. म्हणून दरवर्षी येणारी, तिघाचौघांनी मिळून भरलेली फाइल असेल तर मी सीएसव्हीच करतो. आमचे ग्रंथपाल मात्र अजून खोट्या ओळीवरच खूश आहेत. ती पुसायची राहून गेल्यामुळे आमच्या संग्रहात 'अअअ' नावाचं एक पुस्तक आहे.