टायडीट्रान्झिट आणि जीटीएफएस: आठ महिने वापरल्यानंतर

रात्री बारानंतर शहरात एकही बस धावत नाही, असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तासावार फेऱ्यांचा आलेख पडद्यावर होता आणि २३ च्या पट्टीपुढे सगळं सपाट. टेबलाच्या पलीकडून एक सहकारी शांतपणे म्हणाला, "अगं, काल साडेबाराच्या बसनं घरी गेलो मी."

तेव्हा मी टायडीट्रान्झिट, म्हणजे जीटीएफएस वाचायचं 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पॅकेज, वापरत नव्हते. जीटीएफएस म्हणजे काय, तर सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं लिहायची ठरलेली पद्धत: झिपमध्ये बांधलेल्या काही साध्या टेक्स्ट फाइली. स्टॉप्समध्ये थांबे, रूट्समध्ये मार्ग, ट्रिप्समध्ये फेऱ्या, स्टॉप_टाइम्समध्ये कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता. २००५ मध्ये पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गुगल यांनी मिळून हे सुरू केलं. नावातला 'जी' तेव्हा गुगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला. एवढं साधं प्रकरण आहे म्हटल्यावर पॅकेज कशाला हवं? झिप उघडायची, आरच्या साध्या रीड.सीएसव्हीनं एकेक फाइल वाचायची, आयडीवर जॉइन लावायचा, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडायची. पहिला महिना मी असाच काढला.

साडेबाराच्या बसचं काय झालं, ते आता सांगते. जीटीएफएसमध्ये दिवस मध्यरात्री संपत नाही, त्या दिवसाची सेवा संपते तेव्हा संपतो. बुधवारी रात्री निघालेली बस एका थांब्यावर गुरुवारी पहाटे १ वाजून १० मिनिटांनी पोचत असेल, तर फाइलमध्ये ती वेळ २५:१०:०० अशीच लिहितात, बुधवारच्याच खात्यात. मी मात्र त्या कॉलमला नेहमीच्या सवयीनं तारीख-वेळेच्या साच्यात घातलं. आरला २५ वाजणं मान्य नाही. तो कुरकुरत नाही, थांबत नाही, गुपचूप एनए, म्हणजे 'माहिती नाही', भरतो. आलेख काढताना 'इतक्या ओळी वगळल्या' अशी लाल अक्षरांतली सूचना आली होती. मी ती पाहून न पाहिल्यासारखी केली.

टायडीट्रान्झिटचं रीड_जीटीएफएस ही वेळ एचएमएस प्रकारात आणतं, म्हणजे आत नुसते सेकंद: २५:१०:०० चे ९०६००. तुलना होते, वजाबाकी होते, काही हरवत नाही. सहकाऱ्याची बस लगेच सापडली, २४:३४:०० ला. पण एक काम उरतंच आणि ते पॅकेज आपल्यासाठी करत नाही. गुरुवारी मध्यरात्र ते मध्यरात्र किती फेऱ्या, असा प्रश्न असेल तर गुरुवारच्या २४ च्या आतल्या फेऱ्यांमध्ये बुधवारच्या २४ च्या पुढच्या मिळवाव्या लागतात. मी त्यासाठी छोटं फंक्शन लिहून ठेवलंय.

पॅकेज घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात दुसरी आपटी खाल्ली, आणि तीही सर्वस्वी माझीच. एका मार्गाच्या बुधवारच्या दोन बसमधलं अंतर काढत होते. मध्यक आला शून्य मिनिटं! ओळी उघडून पाहिल्या तर सकाळच्या वेळा अशा: ०८:१२, ०८:१२, ०८:१८, ०८:१८, ०८:२४, ०८:२४. प्रत्येक बस जोडीनं. ट्रिप आयडी वेगळे, बाकी सगळं तेच.

कॅलेंडर फाइलमध्ये प्रत्येक सेवेची, म्हणजे ठरावीक दिवशी चालणाऱ्या फेऱ्यांच्या गटाची, एक ओळ असते आणि तिच्यात सोमवार ते रविवार असे सात कॉलम, प्रत्येकात ० किंवा १. मी 'बुधवार = १' एवढाच फिल्टर लावला होता. त्याच ओळीत पुढे सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फीडमध्ये, म्हणजे वाहतूक संस्थेनं दिलेल्या त्या झिपमध्ये, संपत आलेलं वेळापत्रक आणि पुढच्या महिन्यात लागू होणारं वेळापत्रक, दोन्ही होती. मी दोन्ही एकाच बुधवारी पळवली. शिवाय कॅलेंडर_डेट्स ही अपवादांची वेगळी फाइल असते: १ म्हणजे त्या तारखेला ती सेवा जादा, २ म्हणजे रद्द. काही संस्था कॅलेंडर देतच नाहीत, सगळ्या तारखा या अपवादांच्या फाइलमध्येच लिहितात आणि नियमानं ते चालतं. तिथे माझा 'बुधवार = १' वाला फिल्टर लावायलाच काही सापडलं नसतं.

आठ महिन्यांत या पॅकेजचा सर्वांत जास्त उपयोग मला इथे झाला. फीड वाचतानाच ते या दोन फाइली एकत्र करून डेट्स_सर्व्हिसेस नावाचं टेबल बनवतं: तारीख आणि त्या तारखेला चालू असलेली सेवा, बस्स. ते ट्रिप्सशी जोडा, तारखेनुसार मोजा, रेघ काढा. नवीन फीड आलं की आता मी दुसरं काहीही करण्याआधी हा आलेख काढते. कामाच्या दिवसांचं पठार, रविवारचा खड्डा, सुट्टीचा एखादा जादा खड्डा दिसला की जीव भांड्यात पडतो. एकदा मध्येच दोन आठवड्यांचा उंचवटा दिसला. फीड देणाऱ्यांनी नवं वेळापत्रक सुरू केलं होतं, पण जुन्याची शेवटची तारीख मागे घ्यायला विसरले होते. मेल टाकला. उत्तर आलं नाही, पण पुढच्या फीडमध्ये उंचवटा नव्हता.

एवढं कामाचं टेबल ठेवलंय मात्र कुठे, तर यादीत नुसत्या टिंबाच्या नावाखाली. फीडच्या नावापुढे डॉलर, मग टिंब, मग पुन्हा डॉलर. मला ते कुणीतरी दाखवलं म्हणून कळलं.

आयडींबद्दल फार लिहीत नाही, कारण पॅकेज घेतल्यापासून तो त्रास संपला. रीड.सीएसव्हीला '००४७' दिला की त्याचा ४७ होतो, आणि प्रवासीसंख्येच्या वेगळ्या शीटशी जॉइन लावला की अर्धे थांबे गायब. पॅकेज आयडी कायम अक्षरं म्हणूनच वाचतं.

तक्रारीची मोठी जागा म्हणजे गेट_स्टॉप_फ्रिक्वेन्सी. नाव वाचून वाटतं, थांब्यावर दर किती वेळानं बस येते ते हे सांगेल. सांगतं, पण कुठली सेवा धरायची ते तुम्ही दिलं नाही, तर सर्वाधिक फेऱ्यांची एकच सर्व्हिस आयडी ते आपणहून निवडतं. आमच्याकडच्या फीडमध्ये एका दिवसाची सेवा चार-पाच आयडींत विभागलेली आहे. त्यामुळे उत्तर येतं, नीटनेटकं येतं, आणि ते एका तुकड्याचं असतं. ही गोष्ट मदतीच्या पानावर लिहिलेली आहे, लपवलेली नाही. तरी माझ्या मते इथे पॅकेजनं आकडा देण्याऐवजी अडून बसायला हवं होतं. आता मी आधी तारीख ठरवते, त्या तारखेच्या सगळ्या आयडी काढते आणि मगच फंक्शनला देते.

ट्रॅव्हल_टाइम्स मात्र योग्य जागी अडून बसतं. एका थांब्यावरून बाकी सगळीकडे पोचायला किती वेळ, हे ते राप्टर या प्रवासमार्ग शोधण्याच्या पद्धतीनं काढतं. ते थांबे नावानं ओळखत असल्यामुळे एकाच नावाचे थांबे एकमेकांपासून ३०० मीटरपेक्षा लांब असले तर एरर देऊन थांबतं. 'शाळा' नावाचे थांबे शहरात किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यासाठी क्लस्टर_स्टॉप्स आहे, जवळजवळचे थांबे गोळा करून वेगळी नावं देतं. बदलीच्या चालण्याचे आकडे ट्रान्सफर्स फाइलमधून येतात. फीडमध्ये ती नसेल तर रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर जाणंही या गणितात बसत नाही, आणि शेजारची वस्ती दीड तासावर दिसते. ती फाइल मी थांब्यांच्या अंतरांवरून स्वतः बनवली.

मधल्या थांब्यांच्या वेळा कोऱ्या असल्या तर दचकू नका, नियमात ती मुभा आहे. इंटरपोलेट_स्टॉप_टाइम्स त्या भरून देतं. भरलेल्या वेळा अंदाजाच्या असतात, एवढं लक्षात असू द्या.

जीटीएफएसटूल्स की टायडीट्रान्झिट, असं मला बरेच जण विचारतात. मी दोन्ही वापरते. जीटीएफएसटूल्स हे आरमधलंच दुसरं पॅकेज, ब्राझीलच्या इपेआ या संशोधन संस्थेतून आलंय आणि कापाकापीत ते सरस आहे. चार मार्ग किंवा नकाशावरचा एक तुकडा सांगितला, की सगळ्या फाइलींमधून त्याच्याशी संबंधित ओळीच तेवढ्या उरतात. वाचतानाच नको त्या फाइली आणि नको ते कॉलम वगळता येतात. फीड मोठं असेल तर स्टॉप_टाइम्स एकटीच सगळी मेमरी खाते, तेव्हा ही सोय जीव वाचवते. फीडमधल्या चुका शोधणारा मोबिलिटीडेटा या संस्थेचा तपासनीसही त्यातून चालवता येतो, फक्त मशिनवर जावा हवं. पण वेळा ते फाइलमध्ये असतील तशाच कच्च्या ठेवतं. त्यामुळे माझा क्रम असा: आधी तिथे कापायचं, मग अ‍ॅज_टायडीजीटीएफएस लावून इकडे आणायचं. रीड_जीटीएफएस दोन्हींत आहे. दोन्ही पॅकेजं एकत्र लोड केलीत, तर फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव लिहा. मी लिहिलं नव्हतं आणि अर्धा दिवस गेला.

शेवटचं, आणि याचा दोष कुठल्याच पॅकेजला देता येणार नाही. फीडचा पत्ता सहसा एकच असतो आणि नवी झिप जुनीवर बसते. रीड_जीटीएफएसला थेट वेबचा पत्ता दिला तरी चालतं, म्हणून मी दोन महिने तसंच केलं. आता गेल्या वर्षीच्या त्या काळाशी तुलना करायची आहे आणि माझ्याकडे आलेख आहेत, फाइली नाहीत. हल्ली स्क्रिप्टची पहिली ओळ झिप उतरवून तारखेच्या नावानं फोल्डरमध्ये ठेवते, वाचणं त्याच्यानंतर.