सुटे भाग हरवलेले जुने स्की-बाइंडिंग: पाच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात म्युनिकजवळच्या एका गावातील स्कीबाझारमधून मी ३५ युरोंना एक वापरलेली स्कीजोडी घेतली. थंडीच्या तोंडावर बव्हेरियातील क्रीडामंडळे असे बाजार भरवतात आणि मुलांना लहान झालेले बूट, अडगळीतल्या स्की, हेल्मेटे असे सगळे तेथे विकायला येते. मी घेतलेल्या स्कींच्या कडा गंजलेल्या नव्हत्या, तळालाही खोल ओरखडे नव्हते. भाव उतरला होता तो बाइंडिंगमुळे. बाइंडिंग म्हटले की आपल्याला पुस्तकाची बांधणी आठवते. येथे मात्र बुटाला स्कीवर घट्ट धरून ठेवणारी आणि पडताना पाय मोडायच्या आत त्याला सोडून देणारी यंत्रणा असा अर्थ आहे. विकणाऱ्याने चिठ्ठीवर ‘काही भाग नाहीत’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. त्या ‘काही’मध्ये किती मावते, ते घरी आल्यावर कळले.

उजव्या स्कीला ब्रेकच नव्हता, म्हणजे बूट सुटल्यावर बर्फात रुतून स्कीला घसरत जाण्यापासून अडवणारे दोन हात. डाव्या स्कीवर, पुढच्या भागाशी बुटाचा तळवा ज्या घसरपट्टीवर टेकतो, ती नव्हती. उजव्या पुढच्या भागाखालची तीन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची बैठक गायब होती, मागच्या भागाचा एक स्क्रू आटे गेल्यामुळे नुसताच फिरत होता आणि किती जोराला बूट सुटेल तो आकडा दाखवणाऱ्या खिडकीवरचे झाकण पडले होते. शिवाय आधीच्या मालकाच्या बुटाच्या तळव्याची लांबी ३३५ मिलिमीटर, तर माझ्या बुटाची ३०५. मागचा भाग रुळावर पुढेमागे सरकतो खरा, पण इतका नाही.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी मी प्रत्येक हरवलेल्या भागाबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारला: बूट सुटण्याच्या क्रियेत या भागाचा हात आहे का? हात असेल तर मूळ भागच हवा, नसेल तर घरी बनवलेला चालेल. नियम ठरवायला सोपा होता, पण पहिल्याच भागाला मी तो मोडला.

तो भाग म्हणजे घसरपट्टी. दिसायला ती एखाद्या चिकटपट्टीसारखी क्षुल्लक वाटते. पडताना पाय पिळला जातो, तेव्हा बुटाचे टोक बाजूला सरकत या पट्टीवरून बाहेर पडते. पट्टी खडबडीत असेल किंवा नसेलच, तर स्प्रिंगच्या ताकदीत घर्षणाची भर पडते आणि खिडकीत साडेपाच दिसत असले तरी प्रत्यक्षात पाय सुटायला त्याहून बराच जोर लागतो. हे ठाऊक असूनही मी स्वयंपाकघरात ओव्हनच्या ताटावर अंथरायचा टेफ्लॉनचा कागद कापून, दुहेरी चिकटपट्टीने डकवला आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर स्की तपासायला नेल्या. पहिल्या दुकानदाराने बाइंडिंगकडे पाहूनच नकार दिला, कारण उत्पादक ज्या मॉडेलांची जबाबदारी घेतो त्या यादीत हे मॉडेल आता नव्हते. राग आला, पण त्याचे काही चुकले नव्हते. जुने प्लॅस्टिक उन्हाने आणि थंडीने आतून ठिसूळ होते आणि ते वरून दिसत नाही. दुसऱ्या दुकानदाराने सांगितले, ‘यंत्रावर मोजून दाखवतो, पण कागदावर सही करणार नाही.’ यंत्राने माझा कागद लगेच उघडा पाडला. दोन्ही स्कींवर आकडा तोच, तरी डाव्या बाजूला बूट सोडवायला उजवीपेक्षा स्पष्टपणे जास्त जोर लागत होता. कागद बुटाबरोबर सुरकुतून गोळा होत होता, हे मग आम्ही दोघांनीही वाकून पाहिले.

त्याच संध्याकाळी मी याच मॉडेलची, थर सुटून निकामी झालेली एक स्कीजोडी १५ युरोंना शोधून आणली. सुट्या भागांसाठी दुसरी मोडकी जोडी घेणे हाच माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र नाव तेच असले तरी दोन हंगामांच्या मॉडेलांत आतल्या खाचा वेगळ्या असू शकतात, म्हणून जुना भाग खिशात घेऊनच जावे. घसरपट्टी दोन्ही बाजूंची बदलली, एकाच बाजूची नाही. पुन्हा मोजल्यावर डावे-उजवे जुळले.

बैठकीच्या बाबतीत घरची युक्ती चालली. भाजी कापायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीतून तुकडा कापला, कानशीने घासून बरोबर तीन मिलिमीटरचा केला आणि डाव्या स्कीच्या मूळ बैठकीवर ठेवून भोके पाडली. येथे एक गोष्ट सहज निसटते: बैठक घालायची तर स्क्रूही तेवढाच लांब हवा. स्क्रू स्कीच्या आत साधारण नऊ मिलिमीटर जातो; बैठकीशिवायचा आखूड स्क्रू वापरला तर तो सहाच मिलिमीटर धरतो, आणि बैठक नसताना लांब स्क्रू घातला तर तो थेट तळाला फुगवटा आणतो. या स्क्रूंच्या डोक्याची खाच पोझिड्राइव्ह तीन क्रमांकाची असते. घरातला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर तीत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच निसटतो आणि खाच कायमची खराब करतो.

मागचा भाग पुढे सरकवून नव्याने बसवणे हे सर्वांत किचकट काम ठरले. स्कीत धातूचा थर असल्यास ४.१ मिलिमीटरचे, नसल्यास ३.६ मिलिमीटरचे ड्रिल लागते. हा आकडा पुष्कळदा स्कीच्या पाठीवरच छापलेला असतो. ड्रिलला नऊ मिलिमीटरवर अडसर लावल्याशिवाय मी हात लावला नाही. पण जुनी भोके बुजवताना आणि आटे गेलेले एक भोक पुन्हा वापरताना मी पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी वापरले, आणि ही घाई फेब्रुवारीत अंगाशी आली. ब्राउनेक या बव्हेरियातील डोंगराच्या उतारावर दुपारी मागचा भाग बोटाने हलवून पाहिला, तर किंचित डुगडुगत होता. स्क्रू काढला तेव्हा भोकातून ओलसर लाकडाचा भुसा बाहेर आला. पाणी आत मुरले होते. स्की आठवडाभर घरात सुकवली, भोक मोठे करून त्यात बीच लाकडाची खुंटी चोवीस तासांच्या इपॉक्सीत ठोकली आणि मग नव्याने ड्रिल केले. स्क्रूला इपॉक्सी न लावता पाण्यात टिकणारा लाकडाचा गोंद लावला, म्हणजे पुढे काढायची वेळ आली तर तो निघेल. इपॉक्सीत अडकलेले बाकीचे स्क्रू त्यांच्या डोक्यावर तापलेले सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवल्यावर सैल झाले.

आणखी एक परिणाम माझ्या हिशेबात नव्हता. पुढचा भाग जागेवर ठेवून आखूड बूट बसवल्यामुळे बुटाचा मध्य दीड सेंटिमीटर पुढे आला. कडक, सपाट केलेल्या उतारावर स्की चटकन वळते आणि मला ते आवडले. ताज्या, खोल बर्फात मात्र टोके खाली जातात आणि सतत मागे रेलावे लागते.

ब्रेक मोडक्या जोडीचे वापरले, पण ते ९० मिलिमीटर रुंदीचे आणि माझी स्की मध्यभागी ७४ची. पाइपात घालून त्यांचे हात आत वाकवले, तरी उजवा हात थोडा बाहेरच राहिला आणि तीव्र वळणात बर्फाला खरवडत असे. तो कर्रकर्र आवाज मी जानेवारीभर ऐकला, मग पुन्हा वाकवला. ब्रेकऐवजी पट्ट्याने स्की पायाला बांधावी असे एकाने सुचवले. ब्रेक येण्यापूर्वी सगळे तसेच करत, पण पडल्यावर सुटलेली स्की पट्ट्याच्या टोकाला गरगर फिरून मालकालाच लागते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

एप्रिलअखेर बर्फावर एकूण सतरा दिवस झाले. बूट आपोआप सुटण्याचे प्रसंग तीन: दोन खऱ्या पडण्यात, जे योग्यच होते, आणि एक पहिल्याच दिवशी सरळ उतरताना, कारण मागच्या भागाचा बुटावरचा दाब मी नीट लावला नव्हता. या बाइंडिंगमध्ये बूट घातल्यावर दाब दाखवणाऱ्या स्क्रूचे डोके कवचाच्या पातळीत यावे लागते. माझे ते त्या पातळीत नव्हते. मेहुण्याने मार्चमध्ये ही जोडी दोन दिवसांसाठी मागितली, ती मी दिली नाही. त्याचे वजन माझ्याहून बरेच जास्त, बूट वेगळा, आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर आकडा खाली आणावा लागतो. म्हणजे सगळे पुन्हा मोजणे आले.

खिडकीवरचे झाकण शेजाऱ्याच्या त्रिमितीय प्रिंटरवर लवचिक प्लॅस्टिकमध्ये छापून घेतले होते. त्यावर कसलाही भार येत नाही, ते फक्त पाणी आणि बर्फ आत जाऊ देत नाही. शेवटच्या दिवशी ते खुर्चीच्या लिफ्टवरून खाली पडले. दुसरे छापले आहे. पहिले पांढरे होते, हे नारिंगी आहे.