प्लगिनची साइट बंद: गिटहब की वेबॅक मशीन?

निपाणीतल्या एका दुकानाची साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत करणारा एक मित्र अडकलाय. साइट वर्डप्रेसवर आहे; तिला भाषा जोडणाऱ्या प्लगिनची (वरून बसवायच्या छोट्या प्रोग्रामची) मूळ साइट बंद आहे आणि गिऱ्हाईक घाई करतंय. त्याने विचारलं, फाइल गिटहबवरून (जिथे प्रोग्रामचे लेखक आपला कोड ठेवतात) घेऊ की वेबॅक मशीनवरून (जिथे जुन्या वेबपानांच्या प्रती जपलेल्या असतात)?

फाइलसाठी गिटहबच. पण तिथे गल्लत होते. ‘सोर्स कोड’ नावाची झिप आपोआप बनते. तिच्यात बऱ्याचदा तयार केलेली जावास्क्रिप्ट किंवा लागणाऱ्या लायब्ऱ्या नसतात. रिलीजमध्ये, म्हणजे जाहीर केलेल्या आवृत्तीच्या पानावर, लेखकाने वेगळी झिप जोडली असेल तर तीच घ्या. शिवाय सोर्स झिपमधल्या फोल्डरच्या नावाला शेवटी ‘-मेन’ किंवा आवृत्तीचा आकडा चिकटतो. तो न काढता वर्डप्रेसमध्ये टाकलं, तर जुन्याशेजारी दुसरंच प्लगिन उभं राहतं. वेबॅकवर पानं मिळतात, झिप मात्र क्वचितच. मिळालीच तरी जुनी असू शकते, म्हणजे सुरक्षेची भोकंही जुनीच.

प्लगिन कसं वापरायचं या माहितीचं गणित उलटं. गिटहबवर कधी नुसतं चार ओळींचं रीडमी (ओळख देणारी फाइल) असतं, तर वेबॅकवर चित्रांसकट अख्खं मार्गदर्शन. फक्त तारीख आपल्या आवृत्तीच्या जवळची निवडा. तिथे जपलेल्या पानांमधला शोध चालत नाही, पानं संथ उघडतात. खानापूरकडे रेंज गेली की मग बसा!

खर्च दोन्हीकडे शून्य. गिऱ्हाइकाच्या चालू साइटवर बसवायचं असेल तर गिटहब; तिथेही फोर्क, म्हणजे दुसऱ्याने काढलेली प्रत, नव्हे, मूळ लेखकाचंच खातं. प्लगिन आधीच बसलंय आणि फक्त एखादी सेटिंग समजून घ्यायचीय, तर वेबॅक पुरे.