दूरच्या आणि तरुण रेडिओ दीर्घिकांसाठी टीजीएसएस की लॉटएसएस?

सोलापुरात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी दूरच्या किंवा तरुण (म्हणजे ज्यांच्या केंद्रातून झोत नुकतेच निघू लागले आहेत अशा) रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरींत तेजस्वी दिसणाऱ्या दीर्घिका, शोधायच्या असतील, तर दोन सर्वेक्षणांच्या याद्या मोफत मिळतात: नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे 150 मेगाहर्ट्झवरील टीजीएसएस आणि युरोपातील लोफार दुर्बिणीचे 144 मेगाहर्ट्झवरील लॉटएसएस.

संवेदनक्षमतेत लॉटएसएस निर्विवाद सरस आहे. टीजीएसएसमधील गोंगाट सुमारे 3.5 मिलिजान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) आहे, तर लॉटएसएसचा 0.1 पेक्षाही कमी. मात्र 2022 च्या प्रकाशनात लॉटएसएसने उत्तर आकाशाचा केवळ 27 टक्के भाग व्यापला होता. टीजीएसएस एकूण आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग व्यापते.

दूरच्या दीर्घिका बहुधा तीव्र उताराच्या वर्णपटावरून, म्हणजे वारंवारता वाढताना तेज झपाट्याने घटते यावरून, निवडतात आणि त्यासाठी 1400 मेगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या आणखी एका रेडिओ सर्वेक्षणाच्या यादीशी जुळणी करावी लागते. खरी अडचण इथेच आहे: 150 मेगाहर्ट्झवर 50 मिलिजान्स्की तेजाचा स्रोत -1.3 या निर्देशांकाने (वारंवारतेच्या घातांकाने) उतरला, तर 1400 वर त्याचे जेमतेम 2.7 मिलिजान्स्की उरतात, आणि एनव्हीएसएसची मर्यादा 2.5 च्या आसपास आहे. याहून मंद असे स्रोत एनव्हीएसएसमध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे या जुळणीत लॉटएसएसची जादा खोली, म्हणजे मंद स्रोत टिपण्याची क्षमता, बरीचशी वाया जाते. माझ्या मते अशा प्रकल्पाची सुरुवात टीजीएसएसनेच करावी. अर्थात, अंतर ठरवायला प्रकाशीय किंवा अवरक्त वर्णपट लागतोच.

तरुण दीर्घिकांचे गणित उलटे आहे. त्यांचे आटोपशीर झोत कमी वारंवारतेच्या लहरी स्वतःच शोषतात, म्हणून त्या 150 मेगाहर्ट्झजवळ मंद दिसतात. तिथे लॉटएसएसला पर्याय नाही.